पोह्यांच्या गिरणीमागचे जिवाणू

१४ नोव्हेंबर १९७८, मंगळवार, दुपार. रक्कम दोनशे पंच्याऐंशी रुपये, म्हणजे एका महिन्याचा पगार. हजर तिघे: कंपनीचे मालक, वर्क्स मॅनेजर आणि मी. जिला ही रक्कम देऊन घरी पाठवायचे ठरत होते ती हजर नव्हती. ती खालच्या मजल्यावर, जिवाणू वाढवायच्या कल्चर रूममध्ये प्लेटा ओतत होती.

कंपनी लहान होती. भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत पत्र्याची एक शेड, तिला जोडून दोन मजली इमारत, पस्तीस-छत्तीस माणसे. आम्ही कापडाची खळ काढणारे एन्झाइम बनवत होतो. विणताना सूत तुटू नये म्हणून त्याला स्टार्चची खळ लावतात. कापड विणून झाले की रंगवण्याआधी ती खळ काढावी लागते. आमचे तपकिरी पाणी त्या स्टार्चचे तुकडे करून टाकी आणि खळ धुऊन जाई. हे पाणी बनवणारे खरे कामगार म्हणजे जिवाणू. टाकीत भुशाचे आणि पेंडीचे पाणी उकळून निववायचे, त्यात थोडे जिवाणू सोडायचे, खालून हवा द्यायची. दोन दिवसांत ते एन्झाइम तयार करून देत. मी तिथे केमिस्ट होतो. प्रत्येक टाकीच्या मालाची ताकद मोजणे आणि ड्रमबरोबर जाणाऱ्या दाखल्यावर सही करणे हे माझे काम. ताकद मोजायची पद्धत सोपी होती. स्टार्चच्या पाण्यात आयोडीन टाकले की गर्द निळा रंग येतो. आमचे एन्झाइम घातले की स्टार्च तुटतो आणि निळा रंग जातो. रंग जितक्या लवकर जाईल तितका माल तेज.

त्या दिवाळीपासून रंग जाता जात नव्हता.

तसा माल गेली दोन-तीन वर्षे थोडाथोडा उतरतच होता, पण कुणाच्या डोळ्यांवर येण्याइतका नाही. दिवाळीनंतर मात्र एकदम निम्म्यावर आला. इचलकरंजीच्या एका मोठ्या, कापड धुऊन रंगवणाऱ्या प्रोसेसवाल्याने अकरा ड्रम परत पाठवले. परत आलेले ड्रम फाटकाजवळ उभे होते आणि मालकांना गाडीतून उतरताना रोज ते दिसत होते.

"हातच स्वच्छ नाहीत," मॅनेजर म्हणाला. "बाहेरचे जंतू शिरलेत कल्चरमध्ये. ही संस्कारांची गोष्ट असते साहेब, कॉलेजात शिकवून येत नाही."

"तिने ओतलेल्या कोऱ्या प्लेटा मी बघतो," मी म्हणालो. "चार-चार दिवस ठेवल्या तरी कोऱ्याच राहतात. हात घाण असते तर त्यांवर बुरशी आली असती."

"राव, तुम्ही केमिस्ट. तुम्ही बाटल्या बघा."

मालक खिडकीतून ड्रमांकडे बघत होते. "मला वाद नको," ते म्हणाले. "एक डिसेंबरला तिचं वर्ष भरतं. मग कायम करावं लागेल. त्याच्या आत एक पगार द्या आणि गोडीनं राजीनामा घ्या."

"तिला वर बोलवा. तिचं काय म्हणणं आहे ते ऐका," मी म्हणालो.

"त्यात ऐकायचं काय आहे?"

जात कुणी उच्चारली नाही. ती दापोडीच्या रेल्वेलगतच्या वस्तीतली, बौद्ध घरातली, वडील कारखान्यात फिटर. हे तिघांनाही माहीत होते. खोलीत उच्चारला गेलेला शब्द स्वच्छता हा होता, आणि तो मॅनेजरने इतक्या वेळा उच्चारला की मला त्याच्या तोंडाकडे बघवेना.

मॅनेजरच्या डोक्यात हे कुठून आले तेही मला ठाऊक होते. आमच्या कंपनीचे सगळे जिवाणू एका नळीतून आले होते. मालकांचे थोरले बंधू, कंपनी त्यांनीच काढली, त्यांनी तळेगाव दाभाड्याच्या एका पोह्यांच्या गिरणीमागची माती आणून तिच्यातून हा जिवाणू वेगळा केला होता. तिथे वर्षानुवर्षे पोह्यांचे पाणी मुरत होते. स्टार्चवर जगणारे जीव तिथे भरपूर. त्यांनी तो जिवाणू निर्जंतुक केलेल्या कोरड्या मातीत मिसळून एका काचेच्या नळीत ठेवला, बोळा लावला, वर मेण ओतले. पुढे ते हृदयविकाराने गेले. ती नळी, मूळ ट्यूब, धाकट्या भावाच्या म्हणजे आताच्या मालकांच्या केबिनमधल्या फ्रिजमध्ये स्टीलच्या डब्यात असे. तिला कुणी हात लावायचा नाही. वर्षातून एकदा, खंडेनवमीला, ती बाहेर निघे. पाटावर तराजू, सूक्ष्मदर्शक, जिवाणू उचलायची तारेची लूप यांच्यामध्ये तिला मांडत, झेंडू वाहत, हळदकुंकू लावत आणि परत फ्रिजमध्ये ठेवत. मेण कधी फोडले जात नसे. "ही संपली तर कंपनी संपली," असे मालक म्हणत.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आरतीच्या वेळी पाटाला कुणाचा तरी पाय लागला आणि ट्यूब घरंगळली. ती पुढेच उभी होती. तिने वाकून झेलली. नाहीतर ट्यूब फरशीवर फुटली असती. तिच्या हातात ट्यूब पाहून आरती थांबली. मॅनेजरने हात पुढे केला, ट्यूब घेतली, स्पिरिटच्या कापसाने पुसली आणि मालकांनी ट्यूबला पुन्हा कुंकू लावले. आरती पुढे चालू झाली. तीन आठवड्यांनी माल निम्म्यावर आला.

ज्या ट्यूबचे मेणही फुटले नव्हते तिला हात लागल्याने दुसऱ्या खोलीतल्या टाक्या कशा बिघडतील, हे एमएस्सी झालेल्या मॅनेजरने सांगायला हवे होते. त्याने ते सांगितले नाही.

बैठक संपल्यावर मी खाली गेलो. ती बर्नरच्या ज्योतीजवळ बसून प्लेटांत गरम अगार, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात ती जेली, ओतत होती. झाकण जरासेच तिरके उचलायचे, ओतायचे, लगेच टाकायचे. तिने मान वर केली नाही.

"माझ्याबद्दल होती ना मीटिंग?"

"हो."

"किती ठरले?"

"दोनशे पंच्याऐंशी."

"म्हणजे दमडी जास्त नाही." तिने पुढची प्लेट ओढली. "माझ्या आधी इथं जो होता तो तंबाखू मळायचा आणि त्याच हातानं लूप धरायचा. त्याला कायम केलं, मग बढती देऊन टाकीवर पाठवलं. त्याचे हात कुणी हुंगले नाहीत ते."

"मी वर म्हणालो की तिला बोलवा."

"ते नको म्हणाले?"

"हो."

"मग तुम्हीही उठून खाली यायचं होतं."

मला राग आला. मी तिच्या बाजूने बोललो होतो आणि ती मलाच बोलत होती. खरे सांगायचे तर ती मला आवडत नसे. कामाला उशिरा येई, उलटे बोले, काचसामानाचा हिशेब मागितला की खांदे उडवी. मी तिला तसे म्हणालो: "हे मी तुझ्यासाठी करत नाहीये. माझ्या दाखल्यावर चुकीचं कारण जाणार नाही, एवढंच माझं म्हणणं आहे."

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "माझ्यासाठी करणाऱ्यांची मला भीती वाटते."

पलीकडे वाफेने निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह चालवणारा भोसरी गावातला म्हातारा कामगार बसला होता. तो म्हणाला, "आमी रोज दीडशे पौंड वाफ सोडतो हितं, एक जंतू जित्ता ऱ्हात न्हाई. पर वरच्या मजल्यावरचं कुनी शिजवत न्हाई." तो एकटाच हसला. दीडशे पौंड नव्हे, पंधरा, एवढे मी त्याला सांगितले.

बाहेरचे जंतू शिरले असतील तर ते दिसायला हवेत. पहिली गोष्ट मी ही तपासायला घेतली. चालू कल्चरचा थेंब काचपट्टीवर पसरला, वाळवला, जांभळा रंग दिला, आयोडीन दिले, अल्कोहोलने धुतले, लाल रंग दिला. सूक्ष्मदर्शकात सगळीकडे एकाच घाटाच्या जांभळ्या कांड्या. दुसऱ्या रंगाचे, दुसऱ्या आकाराचे काही नाही. मग लूपने प्लेटेवर रेघा ओढून वसाहती वेगळ्या वाढवल्या. एकेका पेशीपासून वाढलेला एकेक ठिपका असतो तो. उपरा कुणी असेल तर त्याचा ठिपका वेगळा दिसतो. सगळे ठिपके सारखे: फिकट, खरबरीत, कडेला कातरलेले. उपरा कुणीही नव्हता. तरीही काम निम्मे होत होते.

म्हणजे घरातलेच काम करेनासे झाले होते.

त्या काळात मी आमच्या चिंचवडच्या दोन खोल्यांत एक जाड इंग्रजी पुस्तक वाचत होतो. मी बीएस्सी झालो तेव्हा डीएनए आमच्या अभ्यासक्रमात नव्हता, हा शब्द प्राध्यापकांच्या तोंडूनही ऐकला नव्हता. पुण्याच्या ग्रंथालयातून ते पुस्तक आणून मी शब्दकोश शेजारी घेऊन बसे. बायकोला ते बिलकूल पसंत नव्हते.

"तिला काढणार आहेत तर काढू देत," ती म्हणाली. "तुमची वाढ मार्चमध्ये आहे. ती काय तिच्या नावानं सोडलीत?"

"कारण चुकीचं लावतायत."

"आणि तुम्ही बरोबर लावून काय मिळणार? घरभाडं?"

"गप्प बस."

"मी गप्प बसते. विरजण लावायचंय मला." आणि तिने कालचे चमचाभर दही कोमट दुधाच्या पातेल्यात घातले. रोज कालचे दही आज, आजचे उद्या. मी तिला विचारले की दही तारेला येऊ लागले की ती काय करते. तिने माझ्याकडे वेड्याकडे बघावे तसे पाहिले. "शेजारून नवं आणते. तुमच्या मालकांना शेजार नाही वाटतं."

मालकांना शेजार नव्हता. त्यांच्याकडे फ्रिजमधली ट्यूब होती आणि ती उघडायची नव्हती. म्हणून आमच्याकडे नऊ वर्षे काय चालले होते? महिन्याला चालू नळीतून लूपभर कल्चर घ्यायचे, नव्या नळीतल्या अगारवर लावायचे, जुनी नळी टाकून द्यायची. पुढच्या महिन्यात त्या नव्यातून पुढची. नकलेची नक्कल, तिची नक्कल. मूळ प्रत कुलपात.

पुस्तकात डीएनएची नक्कल कशी होते ते दिले होते आणि ते वाचताना मला आमची प्रत्येक नळी दिसत होती. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली अतिलांब ओळ. अशा दोन ओळी एकमेकींना गुंडाळलेल्या असतात आणि त्यांच्या जोड्या ठरलेल्या असतात: एकीवर ए असेल तर समोर टी, जी असेल तर समोर सी. पेशी दोन व्हायच्या आधी या ओळी सुट्या होतात आणि प्रत्येक ओळीसमोर तिची जोडीदार अक्षराला अक्षर लावत नव्याने बांधली जाते. एकाच्या जागी दोन, दोन्ही सारखे. हे काम करणारे एन्झाइम आपले लिहिलेले तपासतही जाते. चुकीचे अक्षर बसले तर मागे येऊन ते काढते. त्याच्यापेक्षा काटेकोर कारकून मी पाहिलेला नाही. तरीही चूक राहते. अंदाजे शंभर कोटी अक्षरांमागे एखादी.

मी कागदावर आकडे मांडले. आमच्या जिवाणूची ओळ चाळीस लाखांच्या आसपास अक्षरांची धरली. म्हणजे दर अडीचशे नव्या पेशींमागे एका पेशीत एक चुकलेले अक्षर. पूर्ण वाढलेल्या एका नळीत शेकडो कोटी पेशी. त्यांतल्या बहुतेक चुका निरुपद्रवी. पण खळ तोडणारे एन्झाइम जिथे लिहिले आहे तिथली ओळ बिघडलेल्या पेशी प्रत्येक नळीत असणारच. त्यात कुणाचा हात लागत नाही. बंद नळीत, निर्जंतुक नळीत, ब्राह्मणाने भरली तरी आणि कुणीही भरली तरी, त्या असणारच.

आता या बिघडलेल्या पेशींचे काय होते? त्या मरत नाहीत. उलट त्यांचे बरे चालते. एन्झाइम बनवायला खर्च येतो. ज्याने तो खर्च बंद केला तो जरा लवकर वाढतो. आमच्या नळीतल्या अगारमध्ये मांसाचा अर्क असे, स्टार्च नसे, तिथे एन्झाइमची गरजच नाही. टाकीत स्टार्च असे, पण शेजारचा तोडतो आणि साखर सगळे मिळून खातात. एका फेरीत कामचुकार किंचित पुढे जातात. दर महिन्याला त्या किंचितावर पुढचे किंचित चढते. चक्रवाढ व्याजाचे गणित ज्याने केले आहे त्याला पुढचे सांगायला नको. वर्षानुवर्षे दिसत नाही आणि मग एका दिवाळीला निम्मे कामगार कामचुकार होऊन बसलेले असतात. एकदम घसरले ते तिच्या हातामुळे, असे मॅनेजर म्हणत होता. एकदम घसरणे हा चक्रवाढीचाच स्वभाव आहे.

हे सगळे कागदावर होते. प्लेटेवर दाखवायला हवे होते.

त्यासाठी ती लागत होती. मी सांगितले, तिने केले. दोघेही एकमेकांकडे न बघता. चालू कल्चर मिठाच्या निर्जंतुक पाण्यात दहापट पातळ करायचे, त्यातले पुन्हा दहापट, असे करत जायचे, म्हणजे प्लेटेवर पेशी सुट्या पडतात. अगारमध्ये या वेळी स्टार्च घातला. एका रात्रीत ठिपके वाढले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेटांवर आयोडीन ओतले. प्लेट निळीकाळी झाली. ज्या ठिपक्याने स्टार्च तोडला होता त्याच्याभोवती स्वच्छ कडे उमटले, रात्री चंद्राला खळे पडते तसे. ज्याने तोडला नव्हता तो ठिपका काळ्या प्लेटेत तसाच बसून राहिला.

तिने तेलकट पेन्सिलीने काचेवर खुणा करत मोजले. "शंभरातले एक्केचाळीस काम करतायत. एकोणसाठ बसून खातायत." मग म्हणाली, "कायम झालेले असणार."

मी हसलो. ती हसली नाही.

प्लेटा मॅनेजरपुढे ठेवल्या. त्याने त्या नीट, उजेडात धरून पाहिल्या. तो मूर्ख नव्हता. त्याला लगेच कळले. हेच मला जास्त सलले.

"म्हणजे बाहेरचे शिरलेत," तो म्हणाला.

"सगळे ठिपके एकाच जातीचे आहेत. रंग दिलेल्या काचपट्ट्याही ठेवल्यात. बघा."

"दिसायला सारखे असतात बरेच. दिसण्यावर जाऊ नये." हे बोलताना त्याने तिच्याकडे पाहिले.

"व्हय," ती मुद्दाम गावाकडच्या सुरात म्हणाली, "दिसण्यावर जाऊ नये, साहेब. आडनावावर जावं."

त्याने प्लेट खाली ठेवली. "बाई, तोंड सांभाळा."

"हात सांभाळते, तोंड सांभाळते. अजून काय काय सांभाळू दोनशे पंच्याऐंशीत?"

मी म्हणालो की वाद मिटवायचा एकच मार्ग आहे. मूळ ट्यूब उघडायची. तिच्यातली माती चिमूटभर प्लेटेवर टाकायची. त्या ठिपक्यांना कडी उमटली तर कल्चर आतल्या आत उतरले आहे. मूळ शाबूत आहे. नाही उमटली तर माझे म्हणणे चूक. आणि चिमूटभरच लागते. ट्यूब संपत नाही.

मालकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "ती दादांची आहे."

"दादांनी ती उघडण्यासाठीच ठेवली असणार," मी म्हणालो.

"तुम्ही दादांना पाहिलं होतंत का?" नव्हते पाहिले. "मग तोंडातून त्यांचं नाव काढू नका."

एक डिसेंबर उलटून गेला. तिने राजीनाम्यावर सही केली नव्हती आणि तिला कायमही केले नव्हते. तिला कल्चर रूममधून काढून काचा धुवायला बसवले. ती रोज येई, दिवसभर बाटल्या धुई आणि माझ्या टेबलावरून जाताना एक शब्द बोलत नसे. कल्चर रूममध्ये मॅनेजरने दुसऱ्या माणसाला बसवले. त्याचे हात मॅनेजरच्या मते स्वच्छ होते. डिसेंबरच्या मालाचा निळा रंग नोव्हेंबरपेक्षाही उशिरा गेला.

जानेवारीत इचलकरंजीहून आणखी सात ड्रम परत आले आणि त्या प्रोसेसवाल्याचा माणूस स्वतः आला. मालकांसमोर त्याने पाय लांब करून सांगितले की तो आता मुंबईहून माल उचलणार. पुढचा माल चालला तर बघेल, पण केमिस्टच्या सहीने, कारण काय झाले होते त्याच्या खुलाशासह. तो गेल्यावर मालकांनी बराच वेळ दार उघडले नाही. मग फ्रिज उघडला.

ट्यूब मॅनेजरने उघडली. मी बाजूला उभा होतो. त्याचा हात चांगला होता, हे मान्य करतो. मेण गरम सुरीने काढले, मान ज्योतीतून फिरवली, बोळा करंगळीत धरला, चिमट्याने चिमूटभर माती काढली, पुन्हा मान ज्योतीत, बोळा परत. सगळे दोन श्वासांत. मालक डोळे मिटून उभे होते. त्यांचे ओठ हलत होते.

दुसऱ्या दिवशी आयोडीन ओतले. एकूण एक ठिपक्याभोवती रुंद, स्वच्छ कडे. मी सगळ्या प्लेटा मोजल्या. कडे नसलेला एकही नाही. मालक खुर्चीत बसले आणि रुमालाने डोळे पुसू लागले. "दादा," एवढेच म्हणाले.

मग पुढचे सोपे होते. त्या मातीतून एकाच बैठकीत पन्नास नळ्या करायच्या. प्रत्येक टाकीसाठी त्यांतली एक घ्यायची, वापरून झाली की टाकायची, तिच्यातून पुढची करायची नाही. पन्नास संपल्या की पुन्हा मूळ ट्यूब. म्हणजे कुठलीही टाकी मूळ प्रतीपासून दोन पावलांपलीकडे जात नाही आणि चुकांना चक्रवाढ व्हायला वेळ मिळत नाही. फेब्रुवारीचा पहिला माल निघाला तेव्हा निळा रंग मी घड्याळ हातात घेईपर्यंत गेला होता.

खुलासा मॅनेजरने लिहिला. सुरेख इंग्रजीत. वारंवार नक्कल केल्याने कल्चर क्षीण झाले, हे त्याने स्वतः शोधल्यासारखे लिहिले होते, त्याबद्दल माझे काही म्हणणे नव्हते. पण शेवटी एक वाक्य होते: हाताळणीतील निष्काळजीपणामुळे बाहेरील जंतूंचा शिरकावही नाकारता येत नाही, संबंधित व्यक्तीस कामावरून दूर करण्यात येत आहे.

"एवढं वाक्य काढा," मी म्हणालो.

"का? नाकारता येत नाही, एवढंच म्हटलंय."

"नाकारता येतं. मी प्लेटा मोजल्यात."

"राव, कशाला? वाक्य तिच्यावर आहे, तुमच्यावर नाही."

"सही माझी आहे."

"तुमची तिच्यावर मर्जी दिसते."

मी त्याला सांगितले की माझी तिच्यावर मर्जी नाही, तिचीही माझ्यावर नाही, आणि या वाक्यावर तर माझी अजिबात नाही. वाक्य असेल तर सही नाही. सही नसेल तर ड्रम जाणार नाहीत. किती ड्रम अडतील तेही, हवे तर, मी सांगतो.

दोन दिवस ड्रम उभे राहिले. तिसऱ्या दिवशी मालकांनी तिला केबिनमध्ये बोलावले, मलाही. टेबलावर एक पाकीट होते. "झालं गेलं विसरा," मालक म्हणाले. "इथं आता तुमचं मन रमणार नाही. यात दुप्पट आहे. पाचशे सत्तर."

तिने पाकिटाला हात लावला नाही. "साहेब, बिघाड माझ्या हाताचा नव्हता ना?"

मालकांनी मॅनेजरकडे पाहिले. मॅनेजरने छताकडे.

"नव्हता," मी म्हणालो.

"तुम्हाला नाही विचारलं," ती मला म्हणाली. पुन्हा मालकांकडे वळली. "नव्हता ना?"

मालकांनी पाकीट आपल्याकडे ओढले. "नव्हता," मालक म्हणाले.

"मग एक डिसेंबरपासून कायम करा. कल्चर रूममध्ये. बाटल्या धुवायला नाही. नाहीतर मी उद्या लेबर ऑफिसला जाते. हे साहेब माझ्याबरोबर येणार नाहीत, पण त्यांना तिथं बोलावलं तर खोटं बोलता येणार नाही त्यांना. त्यांचा स्वभावच नाही तो."

ते खरे होते आणि तिने ते ज्या तिरस्काराने म्हटले तो मी विसरलेलो नाही.

वाक्य काढले गेले. मी सही केली. ड्रम इचलकरंजीला गेले.

मार्चअखेर हिशेब झाला. उत्पादन सुधारल्याबद्दल मॅनेजरला मालकांनी शाल आणि एक हजार एक रुपये दिले. माझी वार्षिक वाढ पंधराची होती ती सात रुपये झाली. बायकोने तो आकडा दोनदा विचारून घेतला. कल्चर रूममधल्या तिला कायम केल्याचा पगारातला फरक महिना पस्तीसप्रमाणे चार महिन्यांचा निघाला, एकशे चाळीस. तिने पावतीच्या तिकिटावर सही केली आणि खिडकीतच उभे राहून नोटा मोजल्या. एकशे एकोणचाळीस होते. रांगेतले लोक मागून कुरकुरू लागले तरी ती हलली नाही. कॅशियरने ड्रॉवर पुन्हा उघडला आणि एक रुपया तिच्या हातावर ठेवला.